सगळ्यांच्या आधी आलेली

३ जून, सोमवार
पोचले एकदाची. भूमध्य समुद्रातलं बेट चित्रासारखं असणार असं धरूनच चालले होते, पण हे चित्राहून बरं निघालं. बोटीच्या धक्क्यापासून दम काढणारी चढण, वर पांढरा व्हिला, निळ्या खिडक्या, मागे लिंबाची झाडं. शनिवारी आई, भाऊ, वहिनी आणि माझी चिमुरडी भाची येतील. मी आधी आले, कारण वहिनीच्या भाषेत मी या सहलीची मुकादम आहे. आईच्या गुडघ्यांसाठी तळमजल्याची खोली ठरवली. भावाला समुद्राकडची, म्हणजे त्याचं घोरणं लाटांच्या नावावर खपेल. भाची माझ्याजवळ. वरच्या टोकाला बिनखिडकीची एक खोली आहे, तिथे बॅगा ठेवू. घर सांभाळणाऱ्या बाईने फाटकातच किल्ली दिली. चहाला आत ये म्हटलं, तर कामं पडलीत म्हणून निघून गेली.

४ जून, मंगळवार
सकाळभर गाद्यांना ऊन दाखवलं, सगळ्यांच्या पलंगांवर चादरी घातल्या, आईच्या उशाशी जास्तीची उशी. मग बाजारातून भाजी, दूध, भाचीसाठी बिस्किटं. वहिनीला फोन करून खोल्यांची वाटणी सांगायला लागले, तर ती हसली. म्हणाली, मघाशीच तर सांगितलंत ताई, सगळे वर एकाच खोलीत झोपणार म्हणून.
मी मघाशी फोन केलाच नव्हता. प्रवासाच्या गडबडीत तिचं डोकं भंजाळलं असणार.

५ जून, बुधवार
फिरून आले तर खालच्या खोल्यांतले पलंग उघडे. गाद्या वर, त्या बिनखिडकीच्या खोलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरलेल्या. चादरीला एक सुरकुती नाही. आईच्या उशाशी जास्तीची उशीसुद्धा.
तावातावाने त्या बाईकडे गेले. ती म्हणाली, मी तुमच्या दाराशीसुद्धा आले नाही, तुम्हीच सकाळी वरून हाक मारून मला फाटकातूनच परत पाठवलंत. माझा चेहरा पाहून तिने आवाज खाली आणला.
"सगळ्यांच्या आधी आलेल्या माणसाला हे घर नीट बघून ठेवतं. आज निघा."
बोट शनिवारीच आहे. गाद्या परत खाली आणल्या.

६ जून, गुरुवार
गाद्या पुन्हा वर.
भावाला फोन केला. येऊ नका, तिकिटं रद्द कर, कारण नंतर सांगते. तो खो खो हसला. म्हणाला, तू काल बजावलंसच की ताई, उद्या मी घाबरल्याचं सोंग करीन, लक्ष देऊ नका, गंमत ठरवली आहे. लहानपणी आपण दोघांनी आईपासून लपवलेलं ते गुपितही मी सांगून पाहिलं. तेही काल ऐकलं म्हणाला.
शेवटी वहिनीने फोन घेतला. घसा बसलाय का म्हणाली. कालचा आवाज जास्त तुमच्यासारखा होता.

७ जून, शुक्रवार
आवाज गेला. ओठ हलतात, बाहेर काहीच —
भावाला लिहून पाठवलं. उत्तर आलं, नाटकं पुरे, आईने बॅग भरली.
भर दुपार. मी अंगणात आहे. वर कोणी तरी गुणगुणतंय. आईला आवडतं ते गाणं, माझ्याच चुकीच्या सुरात.
त्या बाईकडे धावले. तिने मला पाहिलं आणि दार लावून घेतलं. का, ते तिच्या दाराच्या काचेत दिसलं. माझं तोंड — नाकडोळे आहेत, पण माझे म्हणावेत असे —

८ जून, शनिवार
बोट आली. मी धक्क्यावर पोचायच्या आत ती तिथे होती. माझा पिवळा ड्रेस. माझं हसू. भाची धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली.
भावाचा दंड धरला. लिहिलेलं पान त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्याने हात सोडवून घेतला. वेड्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाला, "बाई, आम्हाला जाऊ द्या."
ती वळून माझ्याकडे बघत होती. प्रेमाने.

सगळे वर व्हिलात गेले. दार बंद. मी मागे, लिंबांच्या आड. आत भाची हसते आहे.
आता नाही हसत.
वहिनी काही विचारते आहे — भाऊ — नाही, आता कोणीच —

मागचं दार उघडलं. आई. एकटी. पायरीवर थांबून इकडेच बघते आहे. चष्मा पुसला. माझी चाल आठवतेय तिला, की माझे हात —
उतरते आहे. कठड्याला धरून. ओळखलं तिने, ओळखलं —
मागे दारात ती. माझ्या आवाजात हाक मारते आहे. आई, वळू नकोस. आई, वळू —