तापाचं टोपणनाव

३ फेब्रुवारी, मंगळवार

बालवाडीच्या दारावर कागद लावलाय. वर्गातल्या एका मुलाला गोवर निघालाय. घरात लस न दिलेलं लहान मूल असेल तर ताबडतोब डॉक्टरांना भेटा, असं खाली ठळक अक्षरांत.

म्हणजे आम्हीच!

भिंगरीचं तेवढं भय नाही, तिला एकदा टोचलेलं आहे. भय धाकट्याचं, बोक्याचं. त्याची लस नवव्या महिन्यात द्यायची होती. आज-उद्या करता करता सव्वा वर्षाचा झाला. आणि तो रोज अण्णांच्या कडेवर बसून ताईला आणायला तिथेच जातो. कालही गेला होता. अण्णांना विचारलं तर कौतुकाने सांगायला लागले, सतरंजीवर कसा रांगला, कुणाचा तरी चेंडू कसा चाटला! माझे वडील आहेत, निवृत्त झाल्यापासून आमची पोरं सांभाळतात, त्यांना काय बोलणार. कानाने कमी ऐकतात, त्यामुळे बोलले तरी अर्धं वायाच जातं.

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजच आणा. फार तर परवा. तीन दिवसांच्या आत टोचलं तर अजून उपयोग आहे. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि पोरांचे कपडे घड्या करत बसले. तिसऱ्यांदा तेच कपडे.

४ फेब्रुवारी

कारण काय, तर भिंगरीची आकडी. दुसरं काही नाही.

ती तेव्हा बोक्याएवढीच होती. लस दिल्यावर आठवड्याभराने ताप चढला. मी तिला मोजे घालत होते. एकदम डोळे वर गेले, ओठ निळे पडले, हातपाय उडायला लागले. एक मोजा माझ्या हातात. मला वाटलं, गेली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती शुद्धीवर येऊन रडत होती, आणि डॉक्टरीणबाई समजावत होत्या, तापाची आकडी आहे, दिसायला भयंकर, पण मागे काही ठेवत नाही. खरंच ठेवलं नाही. पोरगी सकाळपासून झोपेपर्यंत तोंड मिटत नाही. माझ्यात मात्र ती आकडी काहीतरी ठेवून गेली.

पुढे घरात नुसता ‘ताप’ शब्द निघाला तरी आमची तोंडं पडायची आणि ती बघून भिंगरी भोकाड पसरायची. म्हणून हिच्या बाबांनी तापाला नाव दिलं — पाहुणा. येतो, दोन दिवस राहतो, आपल्या घरी जातो, त्याला काय घाबरायचं! तेव्हापासून आमच्याकडे कुणाला ताप येत नाही, पाहुणा येतो. अण्णासुद्धा तसंच म्हणतात. थर्मामीटरला पाहुण्याची काठी म्हणतात.

संध्याकाळी बसलो ठरवायला. हे दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतात, दोर स्वतः तपासल्याशिवाय आत पाय ठेवत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही ठरवा. हे म्हणाले, तू आई आहेस, तू ठरव. मी म्हटलं, मग बाप कशाला असतो? झालं. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. टोचलं आणि काही झालं, तर ते मी केलं. नाही टोचलं आणि झालं, तर ते झालं. एवढाच फरक आहे, आणि त्या फरकाला मी घट्ट धरून बसलेय.

५ फेब्रुवारी

आज शेवटचा दिवस. गेलो दोघंही. बोक्याचं नाक वाहत होतं. सिस्टर म्हणाली, सर्दीने काही बिघडत नाही, मांडी मोकळी करा. बोका तिच्याकडे बघून हसला. नवे दोन दात दाखवून! मी त्याची चड्डी वर सरकवली आणि माझे हात थांबले. कापसाच्या त्या बोळ्याकडेच बघत राहिले.

“सर्दी उतरू दे. सोमवारी आणतो,” हे म्हणाले.

मी बोक्याला उचललं. डॉक्टरीणबाई आतून बाहेर आल्या. ओरडल्या नाहीत. “गोवर सोमवारची वाट बघत नाही,” एवढंच म्हणाल्या. तरी आम्ही निघालो.

बाहेर पडल्यावर इतकं हलकं वाटलं! आणि जिना उतरेपर्यंत दोनदा मागे वळून बघितलं.

७ फेब्रुवारी

कपाळ गार. दहादा बघितलं. गार.

९ फेब्रुवारी, सोमवार

गेलो नाही. यांना कुठेतरी अडकलेली लिफ्ट सोडवायला जावं लागलं, मी कवळ्या बनवते त्या लॅबमध्ये मला एका म्हातारबुवांची कवळी आजच द्यायची होती. दोघांनाही कारण मिळालं, दोघंही खूश. मनाला सांगतेय, आता लागायचं असतं तर लागलं असतं.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. शाळेत शिकवतात, सध्या बाळंतपणाच्या रजेवर. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने घरी नाही. बाळ पाच महिन्यांचं, मूठभर, सगळे तिला मूठभरच म्हणतात. बाई म्हणाल्या, दिवसभर माणसाचं तोंड दिसत नाही, घरात कुकर काय तो बोलतो. या ना खाली, मी म्हटलं. मी घरी नसले तरी अण्णा असतात.

११ फेब्रुवारी

मेणात दात बसवताना डावा सुळा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला. सगळा संच तसाच मालकांपुढे ठेवला! मालक चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “हे गृहस्थ जेवणार की चावणार?” सगळे हसले. मीही हसले. मग सुळे काढून परत बसवले.

दुपारी घरी तीनदा फोन केला. अण्णा फोनमध्ये ओरडून सांगतात, बोका मजेत आहे. मजेत आहे म्हणतात तेव्हाच मला धडकी भरते.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आला.

सकाळी निघताना जरा कोमट वाटला होता. माझंच मन, म्हणून गेले. दुपारी अण्णांचा फोन, पाहुणा आलाय. मी हातातलं काम तसंच टाकून धावले. अंग भट्टी झालेलं. डोळे लाल, नाक गळतंय, खोकला. औषध दिलं. बालवाडीत सर्दीची साथही आहे म्हणे. हे म्हणतात, सर्दीचाच असेल. मीही तसंच म्हणतेय.

एवढ्यातही हसू आलं, लिहून ठेवते. मी यायच्या आधी भिंगरी जिन्यात उभी राहून वर ओरडली होती, आमच्याकडे पाहुणा आलाय! वरच्या बाईंना खरंच वाटलं. बिचाऱ्या केस विंचरून, मूठभरला नवा फ्रॉक घालून, बिस्किटांचा पुडा घेऊन खाली आल्या. कुठाय पाहुणा, विचारलं तर भिंगरीने बोक्याकडे बोट दाखवलं! अण्णांना काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यांनी चहा केला. बाई तासभर बसल्या. दोन्ही पोरं एकाच गोधडीवर. बोक्याने आपला चावून ओला केलेला खुळखुळा मूठभरला दिला, असं भिंगरी सांगत होती. हे आणि मी पोट धरून हसलो. कितीतरी दिवसांनी.

१६ फेब्रुवारी

उतरत नाही. औषधाने जरा खाली येतो, परत चढतो. मी त्याच्याकडे बघतच बसलेय. पापणी फडफडली की वाटतं, आता डोळे वर जातील, आता ओठ निळे पडतील. पायात मोजे घालत नाही. कारण नाही त्याला काही, पण घालत नाही.

१७ फेब्रुवारी

पुरळ निघालं. गोवरच.

डॉक्टरीणबाई एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. छाती तपासली, डोळे बघितले, औषधं लिहिली, श्वास जोरात लागला तर क्षणभरही थांबू नका म्हणाल्या. मग विचारलं, चार-पाच दिवसांत घरी कुणी पाहुणे आले होते का?

“हो!” भिंगरी म्हणाली. “शनिवारी आला. अजून गेला नाहीये.”

यांनी त्यांना सगळं सांगितलं, पाहुणा म्हणजे आमच्याकडे काय ते. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. हा सोडून दुसरं कुणी? त्यांनी विचारलं. तेवढ्यात बोक्याला खोकल्याची उबळ आली, तोंड लाल झालं, मी त्याला उभं धरलं.

“नाही, कुणी नाही,” मी म्हटलं.

१९ फेब्रुवारी

बोका पाणी पितोय. थोडंसं. कण्हतो, पण पितो.

सकाळी गोधडी धुवायला काढली आणि हात तिथेच राहिले. शनिवार. मूठभर!

दवाखान्यात फोन लावला. समजा, म्हटलं, एखादं पाच महिन्यांचं बाळ जवळ आलं असेल तर? डॉक्टरीणबाई एकदम म्हणाल्या, “समजा नको. बाळ कुणाचं ते सांगा. त्या वयाला लस नसते, पण सहा दिवसांच्या आत एक इंजेक्शन देता येतं.” मी म्हटलं, नाही, नुसतं विचारलं. आणि ठेवून दिला.

का ठेवला? बाईंचं तोंड डोळ्यांपुढे आलं. तुम्ही टोचलं नव्हतं? असं विचारणारं. मग जिन्यात सगळ्यांची तोंडं. आणि आणखी एक — माझ्या सांगण्यावरून त्या एवढ्याशा जिवाला सुई लावली आणि तिलाच आकडी आली तर? परत मीच!

यांना सांगितलं. हे बराच वेळ पायातले बूट सोडत बसले. म्हणाले, आईच्या दुधावरची पोरं घट्ट असतात, उगाच घाबरवू नकोस. मग म्हणाले, सांगायचंच तर तू सांग, बायकांचं बायकांत बरं पडतं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, तुमचं शांतपणे बोलणं असतं.

उद्या सांगतील.

२० फेब्रुवारी

ते संध्याकाळी वर जाऊन आले. मी वाट बघत होते. बाईंचा नळ गळत होता, तो दुरुस्त करून आले.

२२ फेब्रुवारी

ताप गेला! सकाळी बोक्याने माझं नाक धरून ओढलं आणि दूध मागितलं. पुरळ काळपट पडून विरायला लागलंय. आकडी नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने रडले. अण्णांनाही ऐकू आलं, ते धावत आले. भिंगरीने पाहुण्याला खिडकीतून टाटा केला.

वर मूठभर हसतेय, आवाज खाली येतो. ठणठणीत आहे. सहा दिवस होऊन गेले, आता सांगून तरी काय! सुटलो. सगळेच सुटलो.

२५ फेब्रुवारी

कामावर गेले. सुळे जागच्या जागी लागले. भूक लागतेय.

२८ फेब्रुवारी

वरच्या बाई दारात उभ्या होत्या. मूठभर खांद्यावर, तापलेली, डोळे चिकटलेले. बोक्याला गोवर निघाला होता हे त्यांना आज अण्णांकडून कळलं. रागावल्या नव्हत्या. फक्त विचारलं, “बोक्याला पुरळ पहिल्यांदा कुठे दिसलं होतं हो?”

कानामागे, मी म्हटलं.

त्यांनी तिचा कान हलकेच पुढे दुमडला आणि मला दाखवला.