सवत हयात पाहिजे

१२ मे १९५७, परभणी

वकिलाकडे जाऊन आले — मी! दादा सोबत होता, पण तो जोडे राखत दारातच उभा राहिला. म्हणे, घरच्या गोष्टी, तूच सांग.

आबासाहेब वकिलांनी एकेक विचारलं. लग्न कधी? पन्नास साली. झरीचं शेत कुणाच्या नावावर? माझ्या. वडिलांनी दिलेलं, पीक मात्र नवरा उचलून नेतो. मूल? नाही. मारहाण? मी छताकडे पाहिलं. त्यांनी लिहून घेतलं.

म्हटलं, आमच्या जातीत काडीमोड नाही, मग सुटायचं कसं? तर म्हणाले, "बाई, आता कायदा झालाय. कायद्याआधी नवऱ्यानं दोन बायका केल्या असतील, तर दोघींपैकी कुणीही फारकत मागू शकते. शेत तुमचंच राहील, पोटगीही मागता येईल. अट एकच. अर्ज देता त्या दिवशी सवत हयात पाहिजे."

हयात! जिच्या मरणासाठी मी देवीला नारळ बोलले ती!

कोर्टाला सुट्टी. दहा जूनला उघडणार.

१३ मे

देवळात जाऊन नवस मागे घेतला. मनातल्या मनात — पुजाऱ्यासमोर कोणत्या तोंडानं बोलणार? म्हटलं, आई, चूक झाली. तिला उदंड आयुष्य दे. निदान दहा जूनपर्यंत तरी! देवी काय म्हणाली असेल.

१७ मे

बाजाराला आलेल्या गंगाखेडच्या माणसाकडून कळलं — सवत, कस्तुराबाई, राणीसावरगावला माहेरी अंथरुणाला खिळलीय. मुदतीचा ताप.

सात वर्षं ठणठणीत होती तेव्हा मला खपत नव्हतं. आता पडली, तेही खपत नाही. माझं काही खरं नाही.

१९ मे, राणीसावरगाव

आले. मोसंबी घेऊन! दारात तिची आई, बायनाबाई. वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आता काय न्यायला आलीस? नवरा तर कवाच नेलास." खोटं काय होतं त्यात?

म्हटलं, "सेवा करायला आले." आणि माझं मलाच हसू फुटलं. घाईनं तोंडात पदर कोंबला. तिला वाटलं, रडतेय. आत घेतलं!

२० मे

मनात मी तिला चांगली थोराड, कजाग रंगवली होती. खाटेवर मूठभर बाई. मी पाहिलं तरी कधी होतं हिला? माझी वरात दारी आली त्याच आठवड्यात दिनकररावांनी हिला गाडीत बसवून माहेरी धाडलं. मूल नाही म्हणून.

डोळे उघडून म्हणाली, "तू वच्छला व्हय? लय नाजूक हायेस की." मी पटकन मोसंबी सोलायला घेतली.

२४ मे

ताप हटत नाही. हकिमाची पुडी, पेज, कपाळावर ओल्या पट्ट्या. शेजारणी म्हणतात, "सवत असावी तर अशी!" मी मान खाली घालते. विनयानं नाही.

२८ मे

आज अक्का — कस्तुराबाईला मी आता अक्काच म्हणते — जरा बोलली.

"तुला बी मारतेत का?"

"हो."

"डाव्या हातानं?"

"डाव्याच."

दोघी हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे! मग म्हणाली, "लेकरू न्हाई म्हून मला काडलं. तुला बी न्हाई. आता कोनाला काडायचं ऱ्हायलंय, सांग." पुन्हा हसलो. बायनाबाई आतून ओरडली, "ताप डोक्यात गेला का दोगीच्या?"

२ जून

पेजेत मीठ कमी म्हणून अक्का माझ्यावर खेकसली. जिवात जीव आला.

५ जून

ताप उलटला. पहिल्यापेक्षा जास्त.

आज राहवलं नाही, सांगून टाकलं. "अक्का, मी सेवेला नाही आले. तू दहा तारखेपर्यंत जगायला पाहिजेस. कोर्टासाठी." आणि मोठमोठ्यानं रडले — आजारी ती, आणि डोळे पुसून घेतले मी! शहाणी बाई.

ती म्हणाली, "ठाव हाय मला. आल्यापासून ज्याला त्याला तारीक इचारायलीस. म्हून तर तग धरून हाय." वर म्हणते, "तू सूट. मंग मी बी अर्ज देते. त्याला भाकरी कोन थापतंय ते बगू!"

ती जगावी असं फार वाटतं. कोर्टाचं नाव न घेता वाटतं. हे कधीपासून, कळलंच नाही.

९ जून

अक्काला धड डोळे उघडवत नाहीत. म्हटलं, उद्या जात नाही, अर्ज पुढे कधी देईन. तर माझं मनगट धरलं. "न्हाई गेलीस तर उगंच जगले म्हनीन मी."

पहाटेच्या मोटारीनं निघते.

११ जून

काल अर्ज दाखल झाला. 'माझी सवत आज रोजी हयात आहे' — खाली सही केली.

दिवेलागणीला परत आले. दाराला कडी, उंबऱ्यात बायनाबाई एकटी. चूल पेटलेली नव्हती. शेजारीण म्हणाली, दिवसभर कुणाला आत सोडलं नाही, झोपलीय म्हणते.

बायनाबाईनं विचारलं, "कागूद दिलास?"

"दिला."

"तुजी मोटार गेली न् मागनं ती गेली. म्हनली व्हती, वच्छला माघारी येईपतुर रडू नगंस."

मग तिनं हंबरडा फोडला, आणि गाव धावत आलं.