टाचेमागची दोन बोटं

रत्नागिरी
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. अवनीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. थंडी पडल्यापासून अण्णाआजोबांचा गुडघा कुरकुरतोय, पण दुकानात येऊन गल्ल्याशी बसायचं काही ते सोडत नाहीत. तुझी खोली मामीने आहे तशी ठेवली आहे. शेजारचा अनिल उद्या तुमच्या लोट्याला कंपनीत परत जातोय, त्याच्याबरोबर कुळथाचं पीठ, आंबापोळी आणि एक खोकं पाठवतोय. खोक्यात काय आहे ते बघून तुझं डोकं फिरेल. फिरू दे, पण आधी हे वाच.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी दुसऱ्याला बोलूच देत नाही, असं तुझी मामी म्हणते.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तरी तू इकडे परत आली नाहीस. तुझी आई, मालू, म्हणाली, यापुढे तिकडेच शिकणार, स्केटिंगही बंद. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर दुकानात एक बाई मुलीला घेऊन शाळेचे बूट घ्यायला आल्या. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "ताई, एक नंबर मोठा घ्या. वाढता पाय आहे. पुढे कापूस घालू." हे वाक्य मी जन्मभर म्हणत आलोय, अण्णांकडून शिकलोय. आपल्याकडे गणवेश, चप्पल, रेनकोट, सगळं वाढत्या अंगाचंच घेतात. त्या दिवशी मात्र ते वाक्य मी परत घेतलं. त्या बाईंना मी बरोबर मापाचे बूट दिले. अण्णा चिडले, "अरे, सहा महिन्यांत पाय बाहेर येईल तिचा! गिऱ्हाईक शिव्या घालील आपल्याला."

तुझे बर्फावरचे स्केट्स मागवताना गुरुप्रसाद सरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. बर्फावरचा बूट नेहमीच्या बुटापेक्षा एक-दीड नंबर लहान लागतो. मी मनात हसलो. म्हटलं, हा चाकांवर पोरं पळवणारा माणूस, बुटांतलं याला काय कळतंय? आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करून एक नंबर मोठे मागवले. एवढी महागाची वस्तू दोन-तीन वर्षं तरी पुरायला हवी ना! वर मालूला ऐकवलं, "बघ, दादाने किती विचार केला."

इथपर्यंत अडाणीपणा होता. त्याची शिक्षा मला झाली असती तर तक्रार नव्हती. पण तो अडाणीपणा तू डेहराडूनला, बर्फावरच्या निवड चाचणीला, पायात घालून गेलीस.

आता पुढचं. तुला ते माहीत आहेच, तरी माझ्या हाताने लिहायला हवं.

तू निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. ते म्हणाले, "अवनीला बूट बांधून उभी करा. बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की किंचित मागे यायला हवीत. आणि टाच अजिबात उचलता कामा नये." तू वाकलीस आणि हळूच म्हणालीस, "मामा, टाच उचलते."

मी खाली बसलो. नाड्या सैल करून तुला पाय पुढे सरकवायला लावला आणि टाचेमागे बोट घातलं. एक गेलं. दुसरंही गेलं. अवनी, पाय आणि बूट यांच्यामधल्या जागेवर माझं पोट चालतं. त्या घटकेला मला सगळं कळलं होतं. अण्णा समोर बसलेले, मामी दारात उभी, फोनवर सर. मला चूक कबूल करवेना. मी म्हटलं, "सर, एकदम फिट!" मग पुढे कापूस कोंबला, नाड्या करकचून आवळल्या आणि तुला म्हटलं, "नव्या बुटाला जरा नखरे असतात गो."

तू माझ्याकडे बघितलंस. मग पिशवी भरायला गेलीस.

तिकडे काय झालं ते मला सरांकडून कळलं. पाय आत वळत होते, वळणावर तू कठडा सोडत नव्हतीस, चाचणी अर्धवट टाकून बाहेर आलीस. सर म्हणाले, चाकांवर वाघीण आहे, बर्फाला घाबरली. आणि मी काय केलं? दुकानात चार माणसांसमोर हसत म्हटलं, "आमची भित्री भागूबाई!" तू मागच्या खोलीत होतीस, हे मला ठाऊक होतं. तुझे मोजे मामीने धुवायला घेतले तेव्हा टाचेला रक्त होतं. तरी तू कुणालाच सांगितलं नाहीस की मामाने बघितलं होतं. मला वाचवलंस. कशाला गो वाचवलंस?

गेल्या रविवारी मालूने मला सरळ विचारलं, "दादा, ती खरंच घाबरते का रे?" आणि मी म्हटलं, "वय आहे, होतं असं." तो फोन ठेवल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

सोमवारी दुकानात, अण्णांच्या समोर, मी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. दोन बोटांचंही. सरांनी दोन बोटांचं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "उन्मेष, त्या मुलीला मी भित्री ठरवून मोकळा झालो." जानेवारीत आणखी एक चाचणी आहे. तू आलीस तर ते तुला नेणार आहेत. अण्णा म्हणाले, "आधी पोरीला विचारा रे. परत आपणच ठरवू नका."

खोक्यातले स्केट्स सरांनी निवडून मुंबईहून मागवले आहेत, मी हात लावलेला नाही. पातळ मोजा घाल. टाच मागे आपटून बसव. बांधण्याआधी बुटाची जीभ पुढे ओढून वरून तिसऱ्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेव. ती दोन्ही कडांना टेकायला हवी. तुझ्या पायावरच अडली तर बूट उथळ आहे. मग नाड्या बांधून उभी राहा, वाक, पंधरा-वीस मिनिटं घरात वावर. पात्यांवरची कव्हरं काढू नकोस, मालू फरशीसाठी माझा जीव घेईल. सगळीकडून घट्ट वाटायला हवं, पण कुठे एका जागी टोचायला नको. वर्षभरात ते तुला लहान होतील. होऊ देत.

आणि टाच जराशी जरी उचलली, तरी खोकं परत पाठव. स्केट्स बरोबर बसले आणि तरीही तुला यायचं नसेल, तरी परत पाठव. तुझं "नाही" मी यापुढे कापूस कोंबून बंद करणार नाही.

हे पत्र खोक्यात ठेवलं की मालूला फोन लावतोय. तुझ्या हातात पडेपर्यंत तिला सगळं कळलेलं असेल. ती मला काय बोलायचं ते बोलेल. तू मध्ये पडू नकोस. या वेळी मला वाचवू नकोस.

टाच उचलते हे तुझ्याइतकंच ज्याच्या बोटांना कळलं होतं, तो
तुझा
उन्मेषमामा