आई कुणाला काय बोलायची

२ मार्च, सोमवार

आईचे अंत्यसंस्कार आटोपून दुपारी तीनला घरी आलो. दादा थेट आईच्या खुर्चीत जाऊन बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. सगळे त्याच्याभोवती. कोणी पाठीवर हात फिरवतंय, कोणी पाणी देतंय. मी स्वयंपाकघरात. बावीस माणसं आणि कप अठरा!

मला रडू आलं नाही. मावशी शेजारणीला म्हणाली, "हिचं काळीज दगडाचं आहे बाई." हळूच म्हणाली — पण मला ऐकू येईल इतपतच हळू.

अकरा वर्षं आईचं सगळं मी केलं. त्यातली शेवटची तीन तर अंघोळीपासून. दगड!

३ मार्च

लोक येतच आहेत. "किती प्रेमळ होती!" "कधी कुणाला दुखावलं नाही हो!" कुठल्या बाईबद्दल बोलतात, देव जाणे. बाबा खिडकीशी बसून मान हलवतात. दादाच्या डोळ्यांना पुन्हा धार. धाकटी बहीण त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. दोघं किती छान दिसत होती.

४ मार्च

दवाखान्यातून आईच्या वस्तूंची पिशवी आणली. चष्मा, कंगवा, एक पायमोजा (दुसरा कुठे?) आणि कवळी.

दादाने डबी उघडली आणि दचकलाच. "हे काय?"

"आईचे दात."

"आईला कवळी होती?"

नऊ वर्षं होती! मीच केलेली. दिवसभर लोकांच्या कवळ्या करते मी. साचे ओतायचे, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे. अनोळखी माणसं येऊन सांगतात, तोंडात आहे हे कळतसुद्धा नाही. आईची पाच वेळा घासून दिली. पाचही वेळा एकच शब्द — "टोचते." शेवटच्या आठवड्यात नर्सला सांगत होती, "मुलगी हेच काम करते, पण माझ्या वाट्याला ही अशी."

नर्स माझ्याकडे बघून हसली. मी पण हसले. दुसरं काय करणार?

५ मार्च

आज कोणाशी बोलले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

७ मार्च, शनिवार

आईचं कपाट आवरायला काढलं. दादा, धाकटी, मी — तिघंच. धाकटी करड्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून बसली. "अजून वास येतोय तिचा." मला काय झालं कोण जाणे. तो स्वेटर मी खसकन ओढून घेतला.

"गेल्या महिन्यात मी धुतलाय तो! साबणाचा वास आहे! तुम्ही दोघं पाहुणे या घरातले. इथलं पान हललं तरी ते मला कळतं, तुम्हाला नाही. रडायला तेवढे वेळेवर आलात."

बोलले एकदाची. धाकटीचा चेहरा पांढराफटक.

दादा शांतपणे म्हणाला, "तुझं बरं आहे. तू लाडकी होतीस तिची."

मी हसलेच. लाडकी? मी?

"दर रविवारी फोनवर तुझंच पुराण," तो म्हणाला. आणि त्याने चक्क आईचा आवाज काढला, नाकातून — "ती बघ! दिवसभर राबून येते, माझं सगळं करते, हूं की चूं नाही. आणि तू? घड्याळ लावून बोलतोस आईशी!"

मी स्वेटर हातात घेऊन खाली बसले. म्हटलं, "मला काय म्हणायची ठाऊक आहे? 'दादा बघ, एवढ्या लांबून एक रविवार चुकवत नाही. तू घरात असून दोन शब्द बोलत नाहीस.'"

धाकटी म्हणाली, "मला तर तुम्हा दोघांची नावं एका दमात! मी फोन कानापासून लांब धरायचे."

मग सुरूच झालं. कुणाला काय काय ऐकवलं, कुणाच्या लग्नात काय बोलली, धाकटीच्या सासूसमोर काय! दादा एकेक वाक्य नाकातून म्हणून दाखवत होता. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. आणि हसता हसता — कधी ते कळलं नाही — मी रडत होते. पहिल्यांदा. दादाने मला जवळ ओढलं, धाकटी दोघांच्या अंगावर येऊन पडली. कपड्यांच्या ढिगात तिघं, बराच वेळ. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

बाबा दारात येऊन उभे राहिले. बघितलं, गेले.

पण आता लिहिताना पुन्हा तोंड कडू होतंय. एवढे चांगले शब्द होते तिच्याकडे! जन्मभर चुकीच्या पत्त्यावर टाकत राहिली. एकदा, एकदाच मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

८ मार्च

दादाने भांडी घासली. सगळी पुन्हा घासावी लागली. तरी बरं वाटलं.

९ मार्च, सोमवार

दादा आणि धाकटी, दोघं सकाळी गेली. चहा पिताना सहज बाबांना विचारलं, "तुमच्याजवळ आई आमच्यातल्या कुणाचं कौतुक करायची?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सहा वर्षं झाली, ती माझ्याशी बोलत नव्हती."

सहा वर्षं! आणि मी याच घरात. 'बाबांना सांग, पाणी तापलंय.' 'आईला विचार, खिडकी लावू का.' सांगत होते, विचारत होते, या खोलीतून त्या खोलीत. मला वाटायचं, दोघं थकलीत.

"का?"

"ते तिने सांगितलंच नाही."

कामावर फोन केला, आज येत नाही म्हणून. खुर्ची ओढली आणि बाबांच्या समोर बसले.