वीतभर श्वासाची व्यवस्था

मी, ओटिलिए क्रेन्ट्स, वय ७९, व्यवसाय पियानोवादन, राहणार व्हिएन्ना, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. दबाव कुणाचाही नाही. राग आहे, पण डॉक्टरांच्या मते तो आजार नव्हे.

१. राहते घर भाची गेर्लिंडे हिला. पियानोही तिलाच, मात्र त्यावर फुलदाणी दिसल्यास तो ताबडतोब संगीतशाळेला द्यावा.

२. माझ्या पाच कॉन्चेर्टोंच्या, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंद यांच्या एकत्र रचनांच्या, रेकॉर्डी मागेल त्याला द्याव्यात. ‘माझ्या’ म्हणणे धाडसच. पाचही वेष्टनांवर वाद्यवृंदाचे संचालक श्री. लोथार वेसेली यांचा चेहरा आहे आणि त्यांच्या हनुवटीखाली मुंगीएवढे माझे नाव.

३. खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. त्यात ध्वनिमुद्रणाची वीतभर फीत आहे, तिच्यावर माझा श्वास आहे. शेवटच्या कॉन्चेर्टोच्या संथ भागात मी एकटी वाजवत येऊन थांबते, मग पियानो आणि वाद्यवृंद एकदम सुरू होतात. अकरा वर्षे लोथार तिथे डोळे मिटून छडी वर धरायचा. मी श्वास घेतला की छडी खाली. तोच श्वास त्याने रेकॉर्डमधून कापायला लावला!

“ओटी, लोक पियानो ऐकायला येतात, तुझी फुप्फुसं नाही.”

“मग तू काय ऐकून छडी खाली आणतोस रे?”

“मी? माझ्या अंगातच लय आहे!”

फीत कापणाऱ्या सिडोनीबाईंनी तिथे तेवढीच मुकी फीत जोडली आणि कापलेला तुकडा गुपचूप माझ्या हातात ठेवला. समीक्षकांनी त्या शांततेवर रकाने भरले: संचालकाची केवढी जाण! तेव्हापासून एकवीस वर्षे मी लोथारशी बोललेले नाही. त्याच्यासारखा ऐकणारा पुन्हा भेटला नाही, हेही लिहून ठेवते. म्हणूनच संताप जात नाही.

४. कंपनीला त्या रेकॉर्डी पुन्हा काढायच्या आहेत. श्वास जागेवर जोडला तरच माझी संमती आहे असे समजावे.

५. माझ्या अंत्यविधीला तोच संथ भाग वाजवावा. छडी लोथारच्याच हाती द्यावी. पियानो उघडा ठेवावा, पण त्यापाशी कुणी बसू नये. माझा एकटीचा भाग शांततेत जाऊ द्यावा. पुढे छडी कधी खाली आणायची, हे त्याने आपल्या अंगातल्या लयीला विचारावे. नाहीच जमले, तर डबा त्याला द्यावा.

ओटिलिए क्रेन्ट्स
व्हिएन्ना, १४ नोव्हेंबर १९८३

साक्षीदार: अल्फोन्स ह्रुबी, पियानो जुळवणारे; आणि नोटबुर्गा श्टाइंडल, शेजारीण.
बाईंनी आम्हा दोघांसमोर सही केली. त्याआधी त्यांनी एक श्वास घेतला, तो आम्ही दोघांनीही स्पष्ट ऐकला.