बाबांचं सोडियम

२ एप्रिल, बुधवार
बाबांना आज साडेतीन लिटर पाणी. सकाळी एक, दुपारी दीड, संध्याकाळी एक — बाटल्यांवर मीच मार्करने खुणा केल्यात. मीठ शून्य. बीपीची गोळी देताना डॉक्टरांनी 'मीठ कमी करा' म्हटलं होतं. कमी म्हणजे किती? मोघम बोलणं मला चालत नाही. म्हणून बंदच.

शेजारच्या सिल्व्हिया मावशी बघून म्हणाल्या, "सॅमसन, बाप हाय का बैल? किती पाजशील?" म्हटलं, मावशी, उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना पाणी कमी पडतं, मी वाचलंय. "तू लई वाचतोस," म्हणाल्या.

बाबा निमूट प्याले. माझ्याशी बोलतच नाहीत. जन्मभर शिक्षक, आणि मी अकरावी सोडून बॅटरीच्या दुकानात लागलो. त्यांना पचलं नाही. आई होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. आता तेही नाही.

६ एप्रिल, रविवार
बाबांना मळमळ. चर्चला आले नाहीत. ऊन लागलं असणार. पाणी चार लिटर केलं.

७ एप्रिल, सोमवार
दुकानातून आलो तर बाबा म्हणाले, "या कल्याण सर, बसा." कल्याण सर त्यांच्या शाळेतले दोस्त. वारून नऊ वर्षं झाली. मी बसलो.

तासभर बोलले! शाळा, सहल, हेडमास्तरांची सायकल. मग हळूच, "आमचा सॅमसन बॅटऱ्या करतो. कुणी शिकवलं नाही, सर. डिक्शनरी घेऊन इंग्रजी पुस्तकं लावली त्यानं. संगमनेरात तसा हात नाही. पण हे त्याला सांगायचं कसं?"

मी नुसता हं म्हणालो.

८ एप्रिल
आजही कल्याण सर. दवाखान्यात न्यायला हवं होतं. नेलं नाही. खरं लिहायचं तर — न्यावंसं वाटलं नाही.

९ एप्रिल, बुधवार
सकाळी चहा घेताना बाबांना झटका आला. दातखीळ, हातपाय ताठ. रिक्षाने नेलं. सोडियम एकशे सोळा. एकशे पस्तीसच्या खाली जाऊ नये.

डॉक्टरबाईंनी विचारलं, पाणी किती देत होता? मी आकडे घडाघडा सांगितले, वेळांसकट. त्यांनी पेन खाली ठेवलं. "रक्तातलं मीठ पातळ झालंय, दादा. जादा पाणी बाहेर टाकायलाही किडनीला मीठ लागतं. तेच तुम्ही बंद केलंत. त्यात ही गोळी लघवीतून मीठ घालवते. पाणी शिरून मेंदूला सूज आलीय."

इलेक्ट्रोलाइट बिघडलेत, म्हणाल्या. हा शब्द मला सांगतात? सव्वीस वर्षं बॅटरीत हायड्रोमीटर बुडवून तेच मोजतोय. कुणी बॅटरीत वाजवीपेक्षा जास्त पाणी ओतून ॲसिड पातळ केलं की गिऱ्हाइकाला चार माणसांत झापतो.

बाटल्यांवरच्या खुणा घरी येऊन पुसल्या. जात नाहीत.

१० एप्रिल
एकशे तेवीस. हळूहळूच चढवायचं, घाई केली तर मेंदूला कायमची इजा. हे मला समजतं. पार उतरलेली बॅटरी मीही कमी करंटवरच चार्जिंगला लावतो. बाबा दुपारी डोळे मिटून पुटपुटले, "कल्याण सर, गेलात का?" नाही, म्हटलं.

१२ एप्रिल, शनिवार
एकशे तीस. डोळे स्वच्छ. मला म्हणाले, "दुकान कुणावर टाकलंस?" एवढंच. मग तोंड भिंतीकडे.

मी मुद्दाम विचारलं, कल्याण सर आले होते ना? "तो जाऊन नऊ वर्षं झाली. मयतीला तूच नेलं होतंस मला."

१५ एप्रिल, मंगळवार
काल घरी आणलं. एकशे छत्तीस. गोळी बदलली. पाणी तहानेपुरतं. मीठ किती ते बाईंनी लिहूनच दिलंय, दिवसाला एक चमचा.

दोन दिवसांत एक शब्द नाही. भांडी वाजतात तेवढाच आवाज.

संध्याकाळी आमटीत मीठ घालताना हात थांबला. एकशे सोळाला बाबा बोलत होते.

मग घातलं. अर्धा चमचा, सपाट.

१७ एप्रिल, गुरुवार
एकशे अडतीस. सकाळी मी तारीख चुकलो, ती बाबांनीच दुरुस्त केली, वारासकट. रात्री आमटीचा भुरका मारला. माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "कल्याण सर, मीठ बरोबर पडलंय. बसा थोडा वेळ."

बसलो.