सेल दोनची रजा, सेल पाचची हजेरी

प्रति,
माननीय उत्पादन नियोजन अधिकारी,
व्हॉल्व्ह विभाग.

विषय : येत्या गुरुवारची रजा तुकडे न करता मिळण्याबाबत.
संदर्भ : सर्व सेलमधील कामाचा भार समान करण्याबाबतचे आपले परिपत्रक.

महोदय,

१. सदर अर्जदार सेल दोनमध्ये एकमेव ग्राइंडिंग ऑपरेटर होती. व्हॉल्व्हची बॅच एका सेलमध्ये, म्हणजे मशीनच्या एकाच गटात, सुरू होऊन तिथेच संपत असे. सेल दोनमध्ये कामाचा ढीग आणि सेल पाचमध्ये माणसे माशा मारत बसलेली, हे आपणास खटकले, ते रास्तच. आपण प्रत्येक बॅच फोडून निम्मी सेल पाचला दिली. पण तिथे ग्राइंडिंग येणारे कोणीच नव्हते. म्हणून आपण अर्जदाराचेही दोन भाग केले : दुपारपर्यंत सेल दोन, दुपारनंतर सेल पाच. मशीन दोनदा लावण्यात जाणारा वेळ आपल्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या.

२. अर्जदाराच्या वडिलांच्या पोटात गाठ आहे आणि त्यांना या मुलीशिवाय कोणी नाही. गेल्या आठवड्यात शस्त्रक्रियेसाठी तिने एक दिवसाची रजा मागितली. सेल दोनच्या प्रमुखांनी ती मंजूर केली. सेल पाचच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे 'स्टॉपवॉच' म्हणतात, नामंजूर केली. आपल्याकडे दाद मागितली, तर "ज्या त्या सेलपुरता निर्णय ग्राह्य" असा शेरा मारून आपण मोकळे झालात : म्हणजे सकाळी रजा, दुपारी हजेरी.

३. नेमकी शस्त्रक्रिया दुपारवर गेली. अर्जदार निघाली तेव्हा वडील स्ट्रेचरवर होते. म्हणाले, "तू जा गं कामावर. पण बाहेर तू नसशील तर मी काही आत जायचा नाही." आणि ते खरोखरच उठून बसले. डॉक्टरांनी हात टेकले आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

४. इतके करून सेल पाचमध्ये पोचावे, तर काम नाही! तिथल्या वाट्याचा निम्मा माल सकाळी सेल दोनमधून अर्जदारानेच पाठवायचा असतो, आणि सकाळी ती रजेवर होती. 'स्टॉपवॉच' यांनी तिला मशीन पुसायला सांगितले. पुसलेले मशीन तिने पुन्हा पुसले. तिला रडू आले, ते रागाने आले, याची नोंद व्हावी. त्या दिवशी दोन्ही सेलमधील ग्राइंडिंगचा भार तक्त्यावर तंतोतंत समान पडला : शून्य आणि शून्य. त्याखाली आपण "उत्तम" असे लिहिले आहे.

५. आता शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. यापुढे ती लांबवता येणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. वडील सगळेच्या सगळे आत जातील आणि अर्जदार सगळीच्या सगळी बाहेर बसेल, मग आपला शेरा काहीही असो. रजा मागण्याची रीत आहे, म्हणून मागितली.

आपली नम्र, निदान बुधवारपर्यंत,
(सही)
ग्राइंडिंग ऑपरेटर, सेल दोन व सेल पाच
सोमवार

सोबत :
१. रुग्णालयाची चिठ्ठी.
२. ग्राइंडिंगच्या अवजारांच्या कपाटाची किल्ली. दोन्ही सेलना मिळून ही एकच आहे. निम्मी निम्मी कशी वाटायची, ते आपण ठरवावे.